१२.४ आणि १३.६: एका मुलाखतीच्या तयारीचं प्रकरण

लातूरला माझ्या घरी पुढच्या खोलीत थंडीच्या दिवसांत मुलं येतात. बँकेच्या मुलाखतीचं बोलावणं हातात असतं आणि गावाकडं कुणाला विचारावं हे कळत नसतं. माझी नोकरी बँकेतच गेली, त्यातली बरीच वर्षं खेड्यातल्या शाखांत. शेवटी शेवटी पदोन्नतीच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनलवरही बसलो. म्हणून मुलं येतात आणि मीही आनंदानं वेळ देतो.

हे त्यातल्याच एका मुलाचं प्रकरण. त्याला विचारूनच लिहितो आहे. नाव, गाव आणि तो जिथं काम करायचा ते केंद्र सांगणार नाही. सगळं प्रकरण ग्रेडरच्या, म्हणजे सोयाबीन खरेदी केंद्रावर मालाचा ओलावा मोजणाऱ्याच्या, कामातून निघालं, म्हणून इथं त्याला ग्रेडरच म्हणतो.

ग्रेडर लातूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली. आयबीपीएस या सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत कृषी क्षेत्र अधिकारी या पदासाठी पूर्व आणि मुख्य दोन्ही परीक्षा तो पास झाला होता. मुलाखत १०० गुणांची. अंतिम यादी लावताना मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असं वजन असतं. २० म्हणजे थोडं वाटतं, पण जिथं एकेका गुणावर पन्नास-पन्नास मुलं उभी असतात तिथं ते थोडं नसतं.

पहिल्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला. कामात कधी अवघड निर्णय घ्यावा लागला का, जिथं तुमचा प्रामाणिकपणा पणाला लागला?

त्यानं पाठ सरळ केली आणि एका दमात उत्तर दिलं. कुठल्या तरी व्हिडिओवरून इंग्रजीत बसवलेलं होतं, मराठीत असं: प्रामाणिकपणा हा माझ्या व्यक्तिमत्त्वाचा पाया आहे, खरेदी केंद्रावर काम करताना माझ्या सख्ख्या मामांचं सोयाबीन मी ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं, कारण नात्यापेक्षा नियम मोठा असं मी मानतो.

मी विचारलं, "ओलावा किती होता?"

"जास्त होता सर."

"किती?"

"साडेतेराच्या आसपास."

"मामा काय म्हणाले?"

तो गप्प झाला. मांडीवरच्या फायलीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मी चहा सांगितला. त्या दिवशी पुढं काही विचारलं नाही, फक्त एवढंच सांगितलं की घरी जाऊन त्या दिवसाचं जे जे आठवतंय ते सगळं मराठीत लिहून काढ. उत्तर म्हणून लिहू नकोस. पंचनामा करताना लिहितात तसं लिही.

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा वहीची सात पानं भरलेली होती. त्यावरून आणि नंतरच्या बोलण्यावरून जे कळलं ते असं.

२०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. त्यामुळं नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची खरेदी केंद्रांवर गर्दी. मेसेज आला की ट्रॅक्टर जोडायचा आणि रांगेत लागायचं. कधी बारदाना संपलेला, कधी काटा बंद. केंद्रावर माल घ्यायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, अशी अट. अट उगाच नव्हती. त्यापेक्षा ओलं सोयाबीन थप्पीला लावलं की आतून तापतं, बुरशी धरतं आणि शेजारची पोतीही बिघडवतं. पण तो पाऊस लांबलेला हंगाम होता, काढणीला ऊन पुरेसं मिळालं नव्हतं आणि रांगेतला कितीतरी माल बाराच्या वर होता.

ग्रेडरचं काम असं. पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढायचा, तीन-चार पोत्यांचे दाणे एकत्र करायचे, मीटरच्या वाटीत भरायचे, झाकण लावायचं आणि आकडा येईपर्यंत थांबायचं. आकडा यायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत शेतकरी मीटरकडं बघत नाही, ग्रेडरच्या तोंडाकडं बघतो. हे वाक्य त्याच्या वहीतलं आहे, माझं नाही. ते वाचलं तेव्हाच मला वाटलं की या मुलाकडं सांगण्यासारखं आहे, फक्त त्यानं ते पाठांतराखाली पुरून टाकलंय.

मामा दोन दिवस रांगेत होते. २२ क्विंटल माल. भाच्यानं तीनदा मोजलं: १३.४, १३.८, १३.६. त्यानं १३.६ लिहिलं आणि म्हणाला, "बसत नाही."

मामा आधी हसले. मग म्हणाले, "दोन दिस झाले थांबूलालो, अन् तू म्हणूलालास माघारी न्या?"

तो म्हणाला, "मामा, अंगणात ताडपत्री टाकून वाळवा, उद्या परत मोजतो."

"ट्रॅक्टरचं भाडं तू देऊलालास का?" आणि मग मामांनी ते विचारलं ज्यासाठी फायलीची दोरी बोटाला गुंडाळली गेली होती: "परवा त्या माणसाचं बारा-चार घेतलास की. त्याला चालतंय, मला न्हाई व्हय?"

रांगेला सगळं माहीत असतं. हमाल वाकून मीटर बघतात, चहावाल्याला सांगतात, अर्ध्या तासात ते शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचतं. दोन दिवस आधी एका माणसाचा माल १२.४ आला होता. तो माणूस केंद्र चालवणाऱ्यांच्या ओळखीचा. वरिष्ठ म्हणाला, पॉइंट चार दुपारच्या उन्हात उडून जातंय, बारा लिही. ग्रेडरनं १२.० लिहिलं. रोजंदारीचं काम होतं, मुख्य परीक्षेच्या पुस्तकांचे आणि फॉर्मचे पैसे त्यातूनच निघत होते. काम जाईल अशी भीती वाटली, एवढं त्यानं सरळ लिहिलं होतं.

मामांना त्यानं उत्तर दिलं नाही. मान खाली घालून "पुढचे!" असं ओरडला. मामा ट्रॅक्टर घेऊन गेले आणि आडतीवर ४,२०० नं विकून मोकळे झाले.

आता प्रकरण पुरतं समोर आलं. पाठ केलेल्या उत्तरात मामा होते, १२.४ नव्हतं. आणि १२.४ वगळून मामांची गोष्ट सांगणं म्हणजे मीटरवर १२.४ दिसत असताना १२.० लिहिणंच आहे, असं मी त्याला म्हणालो. त्याला ते लागलं. मलाही बोलताना जड गेलं. पण पॅनलसमोर जाण्याआधी कुणीतरी ते बोलायलाच हवं होतं.

मग प्रश्न आला: हे मुलाखतीत सांगायचं का? माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याचं ठाम मत पडलं की अजिबात नको. बँकेत घेताना ज्यानं नोंद खोटी लिहिली त्याला कोण घेईल? पीक कर्जाची पाहणी, मालाच्या साठ्याची तपासणी, तारणाचे कागद, सगळं काम शेवटी खऱ्या नोंदीवर उभं असतं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन रात्री मी त्यावर विचार केला.

माझं मत वेगळं पडलं, आणि त्याची कारणं पॅनलवर बसलेल्या माणसाच्या अनुभवातून आलेली आहेत. सचोटीचा प्रश्न विचारणाऱ्याला उमेदवार संत आहे की नाही हे ठरवायचंच नसतं. त्याला बघायचं असतं की हा माणूस दबावाखाली नेमका कुठं वाकतो, वाकला तर त्याला ते कळतं का, आणि कळल्यावर पुढं काय करतो. "मी कधीच वाकलो नाही" या उत्तरातून यातलं काहीच हाती लागत नाही. म्हणून असं उत्तर आलं की पॅनल खणायला लागतं: तुमच्या केंद्रावर बाकी सगळ्यांचा माल बाराच्या आत होता का? तुम्ही रोज किती गाड्या परत पाठवत होता? ओळखीतल्यांच्या बाबतीत काय करत होता? तिसऱ्या प्रश्नाला ग्रेडर एकतर खोटं बोलला असता, नाहीतर कोलमडला असता. तेव्हा आम्ही असं ठरवलं: मुख्य प्रसंग मामांचाच, पण १२.४ त्यात पहिल्यापासून राहणार. स्वतःला झोडपून घ्यायचं नाही, वरिष्ठावर ढकलायचंही नाही. लिहिणारा हात माझा होता, इतकंच.

इथं इतर मुलांसाठी एक सांगून ठेवतो. वरिष्ठाची निंदा हा या प्रश्नातला मोठा खड्डा आहे. "साहेब भ्रष्ट होते, मी एकटा उभा राहिलो" असं सांगणाऱ्या मुलाला वाटतं की आपण चमकलो. टेबलापलीकडं बसलेले सगळे कुणाचे ना कुणाचे साहेब असतात, आणि दुसरी बाजू ऐकल्याशिवाय ते निवाडा करत नाहीत.

यानंतर मी त्याला एक काम दिलं, जे एरवी कुणाला देत नाही. मामांकडं जा, म्हटलं. आपण त्यांची गोष्ट परक्या माणसांना सांगणार आहोत, त्यांना विचारून ये. आणि त्यांना तो दिवस कसा आठवतो ते ऐकून ये.

तो गेला. चार महिने बोलणं बंद होतं. परत आला तो वेगळाच होऊन. मामांनी ओलाव्याबद्दल तक्रार केलीच नव्हती. माल ओला होता हे त्यांना रांगेत लागायच्या आधीच माहीत होतं. त्यांना लागलं होतं ते "पुढचे!" एवढंच. भाचा म्हणून नाही, निदान शेतकरी म्हणून तरी तोंड वर करून बोलायचं होतंस, असं ते म्हणाले. आणि १२.४ बद्दल म्हणाले, तू तिथं "माझं चुकलं" म्हणाला असतास तर मी ट्रॅक्टर मुकाट्यानं वळवला असता.

माझ्या दृष्टीनं त्याची निम्मी तयारी त्या भेटीत झाली.

उरलेली निम्मी आकड्यांची. कृषी अधिकारी होऊ पाहणाऱ्यानं आपल्याच गोष्टीतला हिशेब चुकवू नये. ग्रेडर आधी म्हणायचा, मामांचं पंधरा हजारांचं नुकसान झालं. ४,८९२ वजा ४,२०० म्हणजे ६९२, गुणिले २२, म्हणजे १५,२२४. मी म्हटलं, थांब. केंद्रावर माल बसायला तो १२ टक्क्यांपर्यंत वाळवावा लागला असता. वाळवला की वजन घटतं. १३.६ वरून १२ वर आणलं तर २२ क्विंटलचे २१.६ क्विंटल होतात, म्हणजे ४० किलो घट. २१.६ क्विंटलचे हमीभावानं १,०५,६६७ रुपये. आडतीवर मिळाले ९२,४००. फरक १३,२६७. त्यातून ट्रॅक्टरचं जादा दिवसाचं भाडं वजा करायचं. हा हिशेब वहीत मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की एक दिवस ताडपत्रीवर वाळवणं मामांच्या फायद्याचंच होतं. हे त्या दिवशी शांतपणे बसून सांगितलं असतं तर? पण तो "पुढचे!" म्हणाला होता.

मग आम्ही उलट प्रश्न बसवले. सगळे देत नाही. दोन प्रश्नांवर फार वेळ गेला.

पहिला प्रश्न असा. नोव्हेंबर २०२४ मध्येच केंद्र सरकारनं त्या हंगामासाठी ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. म्हणजे मामांचं १३.६ काही दिवसांनी सरळ बसलं असतं. मग तुमचा निर्णय चुकलाच ना? ग्रेडर यावर दोन दिवस अडून राहिला. कधी म्हणायचा नियम तेव्हा तोच होता, कधी म्हणायचा नियमच चुकीचा होता. शेवटी आम्ही दोघं मिळून जिथं पोचलो ते मला आजही पटतं. मर्यादा किती असावी हे ग्रेडरच्या हातात नाही, ती बारा असेल, पंधरा असेल. मीटरवर जे दिसतं ते जसंच्या तसं लिहिणं मात्र त्याच्याच हातात आहे. रांगेतल्या मालाचे खरे आकडे वर गेले तरच वरच्यांना कळतं की यंदा बारा टक्के परवडणारं नाही. प्रत्येक ग्रेडरनं दया म्हणून किंवा दबाव म्हणून १२.० लिहिलं, तर कागदावर सगळं आलबेल दिसतं आणि खरी अडचण असलेल्या शेतकऱ्याची ओरड खोटी ठरते. ओळखीच्या एका माणसासाठी लिहिलेलं १२.० रांगेतल्या सगळ्यांच्या विरोधात जातं. हे कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसरा प्रश्न: मामांचा माल तुम्ही स्वतः का मोजलात? हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यानं मामांवर कडक होऊन दाखवलं, पण आपल्याच माणसाचा माल आपण मोजणं हेच मुळात बरोबर नव्हतं. कमी मोजलं असतं तरी संशय, जास्त मोजलं तरी संशय. केंद्रावर दुसरा ग्रेडर होता. "हे माझे मामा आहेत, तू मोज," एवढं म्हणायला दहा सेकंद लागले असते. बँकेतही हेच. नातलगाचा कर्जाचा अर्ज टेबलावर आला की पहिलं काम म्हणजे वरिष्ठाला नातं सांगणं आणि ती फाइल दुसऱ्याकडं देणं. नाकारून दाखवण्यात शौर्य वाटतं, म्हणून मुलं तिकडं वळतात. बाजूला होण्यात दिसण्यासारखं काही नसतं, पण सचोटीचं रोजचं काम तेच आहे.

जाता जाता एक काल्पनिक प्रश्नही घेतला, कारण कृषी अधिकाऱ्याला तो विचारला जाण्याचा संभव असतो: नवं-जुनं. शेतकरी मार्चअखेर एका दिवसासाठी खासगी सावकाराकडून पैसे घेतो, पीक कर्ज भरतो, दुसऱ्या दिवशी तेच कर्ज पुन्हा उचलतो आणि सावकाराचं फेडतो. कागदावर खातं नियमित, वेळेत फेडीची व्याजसवलतही मिळते. अधिकाऱ्याला सगळं माहीत असतं. तुम्ही काय कराल? ग्रेडर म्हणाला, आधी त्या शेतकऱ्याला विचारीन की पीक गेलंय का. गेलं असेल तर कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीला वाढीव मुदत, होऊ शकतं का ते बघीन, नसेल तर त्याला सावकाराच्या एका दिवसाचं व्याज मोजून दाखवीन. मला उत्तर आवडलं, कारण त्यात आकडा होता आणि माणूस होता.

सराव आम्ही मराठीतच केला. मुलाखत हिंदी-इंग्रजीत होणार होती. पण आठवण मराठीत होती, मामांचं बोलणं लातुरी होतं. आधी ते मराठीत बसलं, मग हिंदीत आपोआप आलं. उत्तर कुठंही लिहून ठेवायचं नाही अशी मी अट घातली. दर वेळी शब्द बदलले तरी चालतील, आकडे बदलता कामा नयेत. पाचव्या खेपेला दीड मिनिटात झालं. मामा, १३.६, त्यांचा प्रश्न, परवाचं १२.४, ते कुणी लिहिलं, आणि त्यानंतर त्यानं केंद्रावर काय केलं: दुसऱ्या दिवसापासून मीटरचं तोंड शेतकऱ्याच्या बाजूला फिरवलं, पावतीवर दशांशासह आकडा शेतकऱ्यासमोर लिहायला सुरुवात केली. वरिष्ठाला त्यानं सांगितलं की यापुढं आकडा बदलायचा असेल तर सही तुमची. वरिष्ठ दोन दिवस बोलला नाही, पण काम काही गेलं नाही.

मुलाखत पुण्याला होती. संध्याकाळी त्यानं शिवाजीनगरहून फोन केला, मागं बसच्या कंडक्टरचा आवाज. म्हणाला, प्रश्न आलाच. पॅनलवरच्या बाईंनी विचारला. त्यानं सांगितलं. मधल्या एका सदस्यानं हात वर करून थांबवलं आणि विचारलं, ते १२.० लिहिलेलं पुढं दुरुस्त केलंत का?

"नाही सर. तो माल तेव्हाच गोदामात गेला होता. तो कागद आजही तसाच आहे."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाईंनी विचारलं, आज तुमचे मामा माल घेऊन आले तर?

तो म्हणाला, "मोजायला दुसऱ्याला सांगेन. मी मामांजवळ जाऊन उभा राहीन."

त्यानंतर तुरीवरच्या मर रोगाबद्दल आणि ठिबकच्या अनुदानाबद्दल विचारलं आणि सोडलं. पुढं यादी लागली, त्यात त्याचं नाव होतं. मुलाखतीत किती गुण पडले ते त्यानं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही.

पण त्या संध्याकाळी माझ्या आधी त्यानं मामांना फोन केला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"किती सांगितलास रे? तेरा-सहाच ना?"

"हो मामा. तेरा पॉइंट सहा."